दोन उशा

थंडी अशी की पाना हातात धरवेना.
अंबड लिंक रोड, सकाळचे आठ, शटर अर्धं वर,
इलियास खोक्यांची शेकोटी करून बसलेला.
गाडी आली. काळी, लांब, जर्मन. बॉनेटवर दव.
बंद होता होता एकदा थरथरली,
जनावर अंगावरची माशी उडवतं तशी.

गायधनी मॅडम. भूल देणाऱ्या डॉक्टर.
"पपया नर्सरीच्या सिग्नलला थांबले की हलते," म्हणाल्या,
"आणि शिट्टी वाजते. बारीक. बहुतेक मलाच ऐकू येते."
म्हटलं, डॅशबोर्डवर दिवा लागलाय का?
त्या गप्प.

बटण दाबलं.
सगळे दिवे एकदम लागले, आपापले विझले,
आणि इंजिनाच्या चित्राच्या जागी
एक टिकली. मरून, मध्यम आकाराची.
कडेनं पिवळा उजेड झिरपत होता,
ग्रहण लागल्यासारखा.

"चार महिने झाले," त्या म्हणाल्या.
"दिवसभर मी पडद्यावरचे आकडे बघते हो.
घरी जाताना तरी कुणी डोळे वटारू नयेत."

हसलो नाही. ओझरचा एक द्राक्षवाला
डॅशबोर्डवर रुमाल पसरूनच यायचा,
म्हणायचा, ऊन लागतं.

स्कॅनर म्हणाला : मिश्रण पातळ. हवा जास्त, पेट्रोल कमी.
तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी चुकते.
स्कॅनर एवढंच म्हणतो.
हवा कुठनं शिरते ते तुमचं तुम्ही बघा.
इलियास लगेच, "कॉइल मागवू?"
थांब रे.
तिसऱ्याची कॉइल पाचव्याला लावली, पाचव्याची तिसऱ्याला.
दोष जागचा हलला नाही.
प्लग फिरवून पाहिले. नाही.
भारी गाडीचं हेच असतं,
माणूस महागातल्या पार्टावरच आधी संशय घेतो.

मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायला गेलो.
निघेना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं.
तेव्हा कळलं.
कव्हरच्या कोपऱ्यात एक भोक असतं, सुईच्या नेढ्याहून थोडं मोठं,
कंपनीनंच ठेवलेलं.
त्यावर अंगठा दाबला.
शिट्टी बंद.
थरथर बंद.
शेजारच्या शेडमधल्या प्रेसचे ठोके मोजता आले.
अंगठा काढला. शिट्टी.
मॅडम वाकून बघत होत्या. "परत करा."
केलं. चार-पाचदा करायला लावलं.

आतला रबराचा पडदा फाटला होता. लहान पापडाएवढा.
किंमत सांगितली तर त्या रागावल्याच,
"एवढ्यासाठी?"

पडदा बसवला, कोड पुसला, टिकली नखानं सोलली.
तोवर त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात गार झालेला चहा.
फोन बघत नव्हत्या. मला बघत होत्या,
जॅकपासून ट्रॉलीपर्यंत जाताना, ट्रॉलीला टेकताना.
"रात्री उताणं झोपता येतं?"
येतं की.
"उशा किती?"

पाना हातातच राहिला.
दोन. दिवाळीपासून दोन.
"आणि मोज्याचा वण? किती वेळ राहतो पायावर?"
इलियास ऐकायला लागला, तसा त्याला
ब्रेक क्लीनर आणायला पिटाळला.
ब्रेक क्लीनर समोरच होता.

त्यांनी बिलाच्या मागे एक नाव लिहिलं, शनिवार लिहिला, वेळ लिहिली.
गाडी गेली. गरवारे पॉइंटच्या बाजूला
आवाज संपेपर्यंत कान देऊन उभा राहिलो.
काही वाजत नव्हतं.
म्हणजे, गाडीत.

कागद फ्यूजच्या डबीत ठेवला.
हरवू नयेत आणि दिसूही नयेत
अशा वस्तू मी तिथं ठेवतो.

संध्याकाळी हात धुवायला नळाखाली गेलो
तर अंगठ्याला टिकली.
डिंक केव्हाच वाळलेला, तरी सुटेना.
तशीच राहू दिली.
घरी आलो. बायकोनं अंथरूण घातलं होतं,
उशीवर उशी, न विचारता.
शनिवार अजून तीन रात्री लांब होता.